लिटरभर पेट्रोल

आमची मालाची गाडी पेट्रोलवर चालायची असं आज सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "परवडायचं कसं हो?" आमच्या घरातही शेवटी वाद पेटला तो ह्याच प्रश्नावर. पण गाडी घरी आली तेव्हा पेट्रोलचं कुणाला काही वाटत नव्हतं. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव व्हायचे, तिथून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती आणली. ट्रक म्हणावं तर लहान, जीप म्हणावी तर केवढी तरी दांडगी. पुढं तिघं बसतील एवढी केबिन, लांबलचक नाक, मागं उघडा हौदा. आज तिला पिकअप म्हणतील. आमच्या मिरजगावात तिला सगळे पलटणीची गाडी म्हणायचे. परदेशी बनावटीची, सहा सिलिंडरची. चिखलात घाला, भुसभुशीत वावरात घाला, मुकाट्यानं बाहेर निघायची. नगरला कांदा न्यायचा, तूर न्यायची, येताना दुकानदारांचा किराणा, पेंड, सिमेंट आणायचं, मध्येच जामखेडची एखादी खेप करायची, असा आमचा धंदा. माल अण्णा ठरवायचे आणि गाडी तात्या चालवायचा.

तात्या म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, अण्णा त्याला भानू म्हणायचे. दोघांच्या वयात इतकं अंतर होतं, की अण्णांनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. तात्याचं लग्न व्हायचं होतं. मी घरातलं एकुलतं एक लेकरू, आणि मला खांद्यावर घेऊन गावभर मिरवण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं त्यानं केलं होतं. म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. आई त्यावरून रागवायची, तो मात्र म्हणायचा, "करू द्या वयनी, तेवढंच जवान वाटतं."

गाडी आली तेव्हा शेवाळी रंगाची होती आणि तिच्या दारांवर पांढरे आकडे होते. तात्यानं तिच्याभोवती हळूहळू फेरी मारली, चाकावर थाप मारली आणि म्हणाला, "पोरगी चांगली हाय, कापडं तेवढी सरकारी हाईत." मग त्यानं तिला जे नटवायला घेतलं त्याला धरबंध राहिला नाही. नगरच्या एका सुताराकडून हौद्याला लाकडी फळ्या करून घेतल्या, केबिनच्या टपावर लाकडाची नक्षीदार महिरप बसवली, आरशांना गोंडे आले, सगळ्या अंगाला मोरपंखी रंग आणि त्याला पिवळी किनार. रंगारी आमच्याच घरी मुक्कामाला होता. बॉनेटवर त्यानं समोरासमोर दोन पोपट काढले. त्यातला दुसरा पहिल्यापेक्षा अंमळ जाड झाला, कारण तो काढला त्या दिवशी आईनं पुरणाची पोळी केली होती, असं तात्याचं म्हणणं. अण्णा ओट्यावर बसून हा सगळा थाट बघायचे आणि म्हणायचे, "रंगानं पोतं हलकं हुतं का रं?" त्यावर तात्या, "पोतं न्हाई हुत, पर गिऱ्हाईक थांबतं." आणि गिऱ्हाईक थांबायचं हे खरंच होतं. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं तर लोकांना आमचीच गाडी हवी असायची.

मागच्या वर्षी तात्याचा नातू, म्हणजे माझा भाचा, मला नगरला नव्या पिकअपच्या दुकानात घेऊन गेला. गाडी पांढरी स्वच्छ, नाकाला चकाकणारी जाळी. गळ्यात टाय बांधलेला एक मुलगा आम्हाला इंजिनं किती प्रकारची, कुठलं घेतलं तर लिटरला किती जाईल, हे घडाघडा सांगत होता. मी त्याला म्हटलं, "बाटली लावून दाखवता का?" त्याला काही कळलं नाही. भाच्यानं मला डोळ्यांनी दटावलं, म्हणून मी गप्प बसले, पण घरी येईपर्यंत माझं हसू काही थांबलं नाही.

त्या गाडीचा आवाज मला अजून आठवतो. मोठ्या इंजिनाचा असूनही तो मऊ होता, जात्यावर बारीक दळण चालल्यासारखा. गावाच्या अलीकडं ओढ्याचा चढ होता. तिथं तात्या गिअर बदलायचा आणि आवाज क्षणभर खाली येऊन पुन्हा उचल घ्यायचा. तेवढा आवाज आला की आई तवा चुलीवर ठेवायची. गाडी दारात, तात्याचे हातपाय धुऊन होईपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली. हुलग्याचं माडगं, नाहीतर शेंगदाण्याची आमटी, लसणाची चटणी, कांदा फोडलेला. दुष्काळाच्या दिवसांत मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी असायची, ती तव्यावरून उतरली की लगेच खाल्ली तरच घशाखाली जायची, म्हणून आईचा हा हिशेब फार कामाचा होता. कधी दुसऱ्याच कुणाची गाडी त्या चढावर आली तर आई मान न उचलता म्हणायची, "आपली न्हवं." ती कधी चुकली असं मला आठवत नाही.

दुष्काळ सरला, पाऊसपाणी बरं झालं, आणि आता जरा उसंत मिळेल असं वाटत होतं, तोच पेट्रोल भडकलं. आधी थोडं, मग एकदम. अण्णा पंपावरून परत आले की नुसते बसून राहायचे. गाडी रोज पळत होती, माल भरपूर होता, आणि हातात काही उरत नव्हतं. जितकी जास्त पळेल तितकी जास्त पिणार, असा उफराटा प्रकार. गावातल्या काहींनी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचा सल्ला दिला. अण्णांनी तो ऐकून घेतला आणि त्या माणसांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग एके दिवशी नगरहून रशीदमिस्त्री आले. इंजिनं उतरवण्या-बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बोलण्यात तर नव्हताच नव्हता. त्यांनी बॉनेट उघडून आत मान घातली, बाहेर काढली आणि अण्णांपुढं दोन वाटा ठेवल्या. एक, जीपचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लहान, सुटसुटीत, पिणार कमी. दुसरी, डिझेल. "अण्णा, डिझेल म्हणजे बैल. पळणार नाही, पण वढणार. अर्ध्या खर्चात वढणार. आन् डिझेल पेट्रोलपेक्षा किती स्वस्त ते तुम्हाला म्या काय सांगू?"

तात्या पायरीवर बसून ऐकत होता. म्हणाला, "जीपचं इंजिन नगं. हत्तीला शेळीचं काळीज बसवल्यावानी हुईल."

"म्हणून तर डिझेल म्हणतो," मिस्त्री म्हणाले. "फक्त एक हाय. ते इंजिन उंच असतं. बॉनेट मधोमध कापावं लागंल, वरून पत्र्याचा डबा चढवायचा. येवढा." त्यांनी हाताची वीत करून दाखवली.

"म्हंजी हिच्या कपाळावर टेंगूळ आननार?"

कुणी हसलं नाही. अण्णा म्हणाले, "भानू, टेंगूळ आलं तर येऊ दे. घर चाललं पायजे."

पुढचे काही दिवस घरात जे चाललं होतं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आमच्याकडं मोठ्या आवाजात कुणी बोलतच नसे. जेवताना अण्णा म्हणायचे, "डिझेलच बसवावं म्हनतो," आणि तात्या म्हणायचा, "चटनी वाढा वयनी." एकदा मात्र तो पाटावरून उठून हात न पुसताच दारात उभा राहिला आणि बाहेर बघत बोलला. पुण्याला एका मालकाकडं त्याला चालकाची नोकरी लागत होती, खोलीसकट. ज्या दिवशी हिचं इंजिन उतरेल त्या दिवशी आपण पुण्याला जाऊ. डिझेलचा खडखडाट ऐकत दिवस काढायचा तर तो परक्याच्या गाडीत काढू, आपल्या गाडीत नको. आईच्या हातातला घास तसाच राहिला. मला तर रडूच कोसळलं. तात्या नसलेलं घर कसं असतं ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

तोड काढली ती अण्णांनीच. गाडी खरोखर किती पिते हे बघायची मिस्त्री लोकांची एक रीत असते. टाकीची नळी सोडायची, बाटलीत मापून लिटरभर पेट्रोल घ्यायचं, बाटली केबिनमध्ये टांगायची आणि रबरी नळीनं तेच इंजिनाला पाजायचं. बाटली संपली, गाडी थांबली, की कुठवर आलो ते मोजायचं. अण्णा म्हणाले, बाटली लावू. गाडी भरलेली पाहिजे, उगाच रिकामी पळवायची नाही. गावाबाहेरच्या मैलाच्या दगडापासून नगरच्या रस्त्यानं चार मैलांवर एक पूल होता. त्या पुलाच्या पलीकडं गेली तर इंजिन राहील. अलीकडं थांबली तर डिझेल, आणि तात्यानं पुण्याचं नाव काढायचं नाही.

मिस्त्रींनी तात्याच्या देखत सांगितलं, "भरल्या अंगानं ही तीन मैल गेली तर माझी मिशी काढा." तात्या म्हणाला, "वस्तरा आनून ठेवा." पण बोलताना त्याचा चेहरा काही हसरा नव्हता.

बाटली धरायचं काम माझ्याकडं आलं. टांगलेली बाटली खड्ड्यात आपटून फुटेल, म्हणून कुणीतरी ती दोन्ही हातांनी धरून बसायला हवं होतं, आणि माझ्यावर दोघांचाही विश्वास होता. निघायच्या सकाळी आईनं माझ्याकडं फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या आणि गाठीशी बोट लावून हळूच म्हणाली, "आत खोकल्याच्या औषदाची बाटली हाय. भरलेली. आडलं तर वतून दे. कुनाला कळत न्हाई." माझी आई देवळात दुसऱ्याची वात पुढं करताना स्वतःचं तेल सांडेल, पण दुसऱ्याचं घेणार नाही. ती बाई एवढ्या थराला गेली होती.

मैलाच्या दगडापाशी मिस्त्रींनी नळी जोडली. अण्णा आणि मिस्त्री मागं कांद्याच्या पोत्यांवर चढून बसले. केबिनमध्ये आम्ही दोघंच. तात्यानं नाक वर केलं.

"शकू, नळी गळती का गं?"

मी घाबरून नळी चाचपली. कोरडी होती. मग त्याची नजर माझ्या मांडीवरच्या फडक्यावर गेली. औषधाच्या बाटलीचं बूच सैल झालं होतं आणि भाकरी पेट्रोलनं भिजून चालल्या होत्या. त्यानं गाठ सोडली, बाटली बघितली आणि इतका हसला, की मागून अण्णांनी टपावर थाप मारून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई! वयनीनं भाकरीसंगं कोरड्यास दिलंय!" असं ओरडून त्यानं ती बाटली खिडकीतून रस्त्याच्या कडेला पालथी केली. मला म्हणाला, "आपल्याला आसलं जिकायचं न्हाई." आणि मग पायातल्या चपला काढून त्यानं बाजूला सारल्या, अनवाणी पाऊल ॲक्सिलेटरवर ठेवलं आणि गाडी सोडली.

तात्याच्या शेजारी बसून मी कितीदा तरी गेले होते. त्याला एस.टी. पुढं दिसली की चैन पडत नसे. चढाला ती धापा टाकायला लागली की हा बाजूनं काढायचा, हॉर्न वाजवायचा, आणि एस.टी.च्या ड्रायव्हरला सलाम ठोकायचा. गाणं म्हणायचा, शेतातल्या माणसांना हाका मारायचा. त्या दिवशी मी एका निराळ्याच माणसाशेजारी बसले होते. पायाखाली अंडं असावं तसा तो पाऊल दाबत होता. गिअर लवकर वर टाकायचा आणि इंजिनला कुरकुरूही द्यायचा नाही. उतार आला की चावी बंद. गाडी नुसती घरंगळत जायची, चाकांचा आणि वाऱ्याचा तेवढा आवाज. मागून मिस्त्रींनी ओरडून हरकत घेतली, की उतारावर बंद करणं ठरलं नव्हतं. अण्णांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "उतार सोडून मोजू, आसंबी ठरलं नव्हतं. बसा गप."

माझे हात भरून आले होते. पेट्रोल खाली सरकत होतं आणि मी त्याकडं बघू नये असं मनाला बजावत पुन्हा बघत होते. रस्त्यात एक बैलगाडी लागली, कडबा भरलेली. तिला ओलांडायचं तर पाऊल दाबावं लागलं असतं. तात्या तिच्या मागं मागं राहिला. पुढं उतार येईपर्यंत आम्ही त्या कडब्याचा वास घेत चाललो. बैलगाडीवाला मागं वळून बघायला लागला. त्यानं तात्याला ओळखलं असणार, आणि त्याला हे खरं वाटलं नसणार. मागून एस.टी. आली, भोंगा वाजवत बाजूनं गेली, ड्रायव्हरनं आमच्याकडं हात केला. तात्यानं हातसुद्धा उचलला नाही.

पुलापर्यंत पोचलो तेव्हा बाटलीत बोटभर पेट्रोल शिल्लक होतं. पूल ओलांडला, पलीकडची विहीर गेली, लिंबाची झाडं गेली, आणि मग इंजिनानं दोन आचके दिले आणि ते थांबलं. मी केबिनमधून उडीच मारली आणि "जिंकलो, जिंकलो" करत मागं धावले. मिस्त्री खाली उतरून पुलाकडं बघत उभे होते, हात आपोआप मिशीवर गेलेला. अण्णा म्हणाले, "मिशी राहू द्या," आणि टाकीची नळी पुन्हा जोडायला वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरं सांगायचं तर मला तिथं थोडा आनंदच दिसला, भाऊ राहणार याचा. तात्या मात्र स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसूनच होता. मी म्हटलं, "तात्या, खाली ये की." तो म्हणाला, "थांब जरा. पायाला मुंग्या आल्यात."

पुढचं इथंच सांगून टाकते. डिझेल बसलंच. बॉनेट मधोमध कापलं, वर पत्र्याचा उंचवटा आला, आणि दोन पोपटांच्या मध्ये भिंत घातल्यासारखं दिसायला लागलं. गाडी चढाला रडायची, सुरू होताना सगळी आळी उठवायची, पण निम्म्या खर्चात तोच माल ओढायची. त्या गाडीवर आमचं घर सावरलं, माझं कॉलेज झालं, तात्याचं लग्न झालं. बाटलीत जिंकलेला माणूस आणि तरी इंजिन बदललं कसं, असं गावात पुष्कळांनी विचारलं. अण्णांनी काहीतरी दबाव आणला असणार, अशी बोलवा होती. घरातलं बाहेर सांगायची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून लोक ते खरं धरून चालले. आता अण्णा, आई, तात्या सगळे गेले, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. कान उघडे ठेवून बसलेल्या आईला माझ्या ओरडण्यावरूनच सगळं कळलं. तिनं गुळाचा सांजा करून ठेवला होता, निकाल काहीही लागला तरी करायचाच असं ठरवून. मिस्त्री जेवायला थांबले नाहीत. तात्या हातपाय धुऊन पाटावर बसला, समोर अण्णा बसले, मी भिंतीशी. आई तवा उतरवत होती, तोच तात्या म्हणाला, "अण्णा, डिझेल बसवा."

अण्णांना वाटलं त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. "आरं, जिकलास की तू."

"व्हय." तात्या खाली बघून बोलत होता. "सगळ्या वाटंनं म्या रस्ता बघितला न्हाई, बाटलीच बघितली. बैलगाडी म्होरं गेली, यष्टी म्होरं गेली, म्या पाऊल दाबलं न्हाई. हिला ठेवायची तर रोज आशीच चालवाया लागंल. आन् मनासारखी चालवली तर घर बसंल. मला पुलावरच कळलं. परवडत न्हाई, अण्णा. तुमचं खरं हुतं."

"मग पुलावरच का न्हाई बोललास?"

"मिस्त्रीच्या म्होरं कशाला?"

मग अण्णांनी हळूच विचारलं, "आन् पुनं?"

"कुटलं पुनं? डिझेलचा बैल हाकायला घरचाच मानूस पायजे."

"आरं पर जिकून काय उपेग झाला मग तुला?"

तात्या हसला. गाडी सोडल्यापासून पहिल्यांदाच तो त्याच्यासारखा हसला. "हरलो आसतो तर तुमी घेतलं आसतं, अण्णा. जिकलो म्हनून मला देता आलं."

आमच्या घरात थोरल्याचं ताट वाढल्याशिवाय धाकट्याच्या ताटात काही पडत नसे. पाहुणे असोत, सण असो, कुणी आजारी असो, त्यात कधी बदल झालेला मी पाहिला नव्हता. आई सवयीनं पहिली भाकरी घेऊन अण्णांच्या ताटाकडं वाकली. अण्णांनी ताटावर आडवा हात धरला.

"आधी त्याला वाढ," ते म्हणाले.